नोबल्सव्हिलचा निकाल : इंडियानातील कु क्लक्स क्लॅनच्या उदयास्ताचे प्रकरण

१४ नोव्हेंबर १९२५ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील नोबल्सव्हिल या लहानशा गावी, ज्यूरीवरच्या बारा पुरुषांनी डेव्हिड कर्टिस स्टीफन्सन याला दुसऱ्या श्रेणीच्या खुनाबद्दल दोषी ठरवले आणि त्याला जन्मठेप झाली. हा आरोपी सामान्य गुन्हेगार नव्हता. दोनच वर्षांपूर्वी तो गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेचा राज्यातील प्रमुख होता, गव्हर्नर त्याच्या पाठिंब्याने निवडून आलेला होता आणि ‘इंडियानात मीच कायदा आहे’ हे वाक्य त्याच्या नावावर प्रसिद्ध झालेले होते. खटल्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत अडीच लाख सभासदांची ती संघटना काही हजारांवर आली.

या प्रकरणाची रूढ हकिगत अशी की, एका नराधमाच्या कृत्याने संघटनेचा बुरखा फाटला, लोकांचे डोळे उघडले आणि गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे ते खूळ ओसरले. यातला पहिला भाग बहुतांशी खरा आहे. शेवटचा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण नोबल्सव्हिलच्या न्यायालयात एक माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात होता. तो ज्या मतांच्या जोरावर मोठा झाला ती मते तेथे कधीच उभी नव्हती. क्लॅनची सभासदसंख्या घसरली म्हणजे क्लॅनचे विचारही लोकांनी टाकून दिले, असे समजण्याची चूक कशी होते, हे पाहण्यासाठी इंडियानाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पुलास्कीपासून स्टोन माउंटनपर्यंत

इंडियानातला क्लॅन हा मूळचा क्लॅन नव्हे, हे आधी स्पष्ट करावे लागेल. पहिली संघटना १८६५ च्या डिसेंबरात टेनेसी राज्यातील पुलास्की या गावी निघाली. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या सैन्यातील सहा तरुणांनी वर्तुळ या अर्थाच्या ‘कुक्लोस’ या ग्रीक शब्दावरून तिचे नाव घेतले, आणि सुरुवातीला सोंगे काढून रात्री हिंडण्यापलीकडे तिला फारसा उद्देश नव्हता. परंतु गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय मतदान करू लागले, शाळा काढू लागले, पदे मिळवू लागले, तसे हेच रात्रीचे हिंडणे फटके, जाळपोळ आणि खून यांत बदलले. १८६७ मध्ये दक्षिणेचा सेनानी नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याच्याकडे नेतृत्व गेले. १८७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनातील नऊ परगण्यांत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क स्थगित करून शेकडो लोकांना पकडले, आणि पहिला क्लॅन मोडला. मोडला खरा, पण त्याला जे हवे होते ते पुढे त्याच्यावाचूनच साधले : १८७७ पर्यंत दक्षिणेतील सर्व राज्यांत गोऱ्यांची सत्ता परत आली आणि नंतरच्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले. संघटना संपते आणि तिचे काम चालू राहते, हा अनुभव या पहिल्याच पिढीत येऊन गेला होता.

दुसरा क्लॅन १९१५ चा. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक, डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट आला, ज्यात जुन्या क्लॅनचे स्वार गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूचे रक्षक म्हणून दाखवले होते आणि ज्याचा खेळ व्हाइट हाउसमध्येही झाला. दुसरी, ऑगस्टमध्ये जॉर्जिया राज्यात लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाला तुरुंगातून पळवून नेऊन जमावाने फाशी दिले. या वातावरणात विल्यम जोसेफ सिमन्स नावाच्या एका माजी धर्मोपदेशकाने २५ नोव्हेंबरच्या रात्री अटलांटाजवळच्या स्टोन माउंटन या डोंगरावर मूठभर साथीदारांसह क्रूस पेटवला आणि क्लॅनची पुनःस्थापना जाहीर केली. जळता क्रूस ही आज क्लॅनची ओळख मानली जाते. पण पुलास्कीच्या मूळ क्लॅनने क्रूस कधी जाळला नव्हता. ती कल्पना, हा चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला तिच्या लेखकाची. परंपरेचा एवढा अभिमान सांगणाऱ्या संघटनेचे सर्वांत पवित्र चिन्ह कादंबरीतून उसने आणलेले असावे, हे तिच्या एकूण स्वभावाला धरूनच झाले.

सिमन्सला संघटना वाढवता आली नाही. पाच वर्षांत दोन-चार हजार माणसे जमली. १९२० मध्ये त्याने एडवर्ड यंग क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या जाहिरात-व्यावसायिकांशी करार केला आणि तेथून क्लॅनचा धंदा सुरू झाला. नव्या सभासदाची वर्गणी दहा डॉलर. त्यातले चार डॉलर सभासद आणून देणाऱ्या प्रचारकाच्या खिशात जायचे आणि उरलेले वरच्या पायऱ्यांवर वाटले जायचे. झगा आणि टोकदार टोपी घरी शिवायची नाही, मुख्यालयाकडूनच विकत घ्यायची. आपल्याकडे साखळी विक्रीच्या योजना ज्या रीतीने एका गावातून दुसऱ्या गावात शिरतात तीच ही रीत. प्रचारकांना सूचना होती की, ज्या गावात जो राग आधीपासून असेल तोच हाती धरावा : कोठे कॅथलिक, कोठे ज्यू, कोठे दारूविक्रेते, कोठे जपानी, आणि कृष्णवर्णीय तर सर्वत्रच.

सप्टेंबर १९२१ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाने जवळजवळ तीन आठवडे रोज क्लॅनचे हिशेब, शपथा आणि अत्याचार छापले. देशभरच्या इतर वृत्तपत्रांनीही ती मालिका घेतली. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे सिमन्सची चौकशी झाली. संघटना आता बुडणार असे वाटत असताना उलटेच झाले आणि सभासदांचा ओघ वाढला. वृत्तपत्रात नमुना म्हणून छापलेला प्रवेश-अर्ज कापून, भरून पाठवणारेही निघाले. गुप्त गोष्ट उघड केली की लोक शहारतील, या समजुतीत संपादक होते. जे उघड झाले ते असंख्य वाचकांना मुळात आवडणारेच होते, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

इंडियानाच का?

१९२० च्या जनगणनेत इंडियानाची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. त्यात कृष्णवर्णीय तीन टक्क्यांहून कमी आणि परदेशात जन्मलेले साधारण पाच टक्के. म्हणजे ज्यांच्यापासून राज्याला ‘वाचवायचे’ ते लोक राज्यात फार नव्हतेच. तरीही ऐन भरात असताना येथील क्लॅनची सभासदसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. राज्यात जन्मलेल्या गोऱ्या प्रौढ पुरुषांपैकी सुमारे तीस टक्के. दक्षिणेतील कोणत्याही राज्यापेक्षा येथे त्याची मुळे अधिक पसरली होती, ही गोष्ट क्लॅनला ‘दक्षिणेचा आजार’ समजणाऱ्यांना पचत नाही.

स्टीफन्सन मूळचा टेक्सासचा. १९२० मध्ये तो ओहायो नदीकाठच्या इव्हान्सव्हिल शहरात आला, कोळशाच्या व्यापारात पडला आणि लवकरच क्लॅनच्या भरतीत उतरला. त्याने दोन लग्ने करून दोन्ही बायकांना वाऱ्यावर सोडले होते, तो भरपूर दारू पीत असे, आणि दारूबंदीच्या कडक अंमलबजावणीसाठी लढणाऱ्या संघटनेचा तो सर्वांत यशस्वी संघटक ठरला. १९२२ च्या अखेरीस डॅलसचा दंतवैद्य हायरम इव्हान्स याने सिमन्सला बाजूला सारून राष्ट्रीय नेतृत्व बळकावले त्यात स्टीफन्सनने मदत केली, आणि त्याचे बक्षीस म्हणून ४ जुलै १९२३ रोजी कोकोमो येथील मेलफाल्फा पार्कमध्ये त्याला इंडियानाचा ‘ग्रँड ड्रॅगन’, म्हणजे क्लॅनचा राज्यप्रमुख, म्हणून जाहीर करण्यात आले. त्या मेळाव्याच्या गर्दीचे आकडे लाख-दोन लाखांपर्यंत सांगितले जातात. ते फुगवलेले आहेत असे मानले, तरी एवढ्या लहान शहरात स्वातंत्र्यदिनी इतकी माणसे बायकामुलांसह, डबे घेऊन, जत्रेला यावे तशी आली होती, हे महत्त्वाचे.

क्लॅनचे गावातील रूप खरोखरच जत्रेसारखे होते. बँडचे कार्यक्रम, मिरवणुका, सहभोजने, बेसबॉलचे सामने, झगे घालून लागलेली लग्ने आणि झगे घालून पार पाडलेले अंत्यविधी. रविवारच्या प्रार्थनेच्या मध्येच बुरखाधारी रांगेने चर्चमध्ये शिरत, पाद्र्याच्या हाती पैशाचे पाकीट देत आणि एक शब्द न बोलता निघून जात. दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नसे. प्रोटेस्टंट पाद्र्यांना वर्गणी माफ होती. स्त्रियांची स्वतंत्र शाखा १९२३ पासून होती आणि इंडियानात तिची पुढारी डेझी डग्लस बार ही क्वेकर पंथाची उपदेशिका होती. ज्या पंथाने गुलामगिरीविरुद्ध एवढे काम केले त्याची उपदेशिका. स्त्रियांचे काम बहुधा कुजबुजीचे असे : अमका दुकानदार कॅथलिक आहे, तमक्या शिक्षिकेचा पोपशी संबंध आहे, ही बातमी एका दिवसात परगणाभर पोहोचवायची. क्लॅनच्या दुकानदारांच्या खिडकीत ‘शंभर टक्के’ अशी पाटी लागे, आणि ती नसलेल्या दुकानाचे गिऱ्हाईक हळूहळू तुटत जाई. कोणी दगड मारला नाही, कोणी धमकी दिली नाही. वीस वर्षे चाललेले दुकान बंद पडले, एवढेच.

यात एक कायदेशीर सोयही होती. घोडेचोर पकडण्यासाठी जुन्या काळी स्थापन झालेल्या नागरिक-मंडळांना इंडियानात पोलिसांसारखे काही अधिकार होते. मोटारी आल्यावर घोडेचोर नाहीसे झाले, पण मंडळे आणि त्यांचे अधिकार कागदावर राहिले. स्टीफन्सनने आपली माणसे त्यांत भरली, आणि ही मंडळी मोटारी अडवून दारूची झडती घेऊ लागली.

भीती कोणत्या पातळीला गेली होती याची एक गोष्ट इंडियानात अजून सांगतात. पोप आगगाडीने येत असून कदाचित उद्याच येथे उतरेल, असे कोणा वक्त्याने नॉर्थ मँचेस्टर या गावातल्या सभेत सांगितले. दुसऱ्या दिवशी जमावाने गाडी अडवली. उतरलेला एकमेव अनोळखी प्रवासी बायकांच्या कॉर्सेटचा फिरता विक्रेता निघाला, आणि आपण पोप नाही हे पटवून देता देता त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार हसण्यावारी नेता येतो, पण भुई धोपटणाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या, हे विसरून चालत नाही.

‘शंभर टक्के अमेरिकन’

क्लॅनच्या मतांची यादी लहान आहे. अमेरिका ही गोऱ्या, येथेच जन्मलेल्या, प्रोटेस्टंट लोकांनी घडवलेली आहे आणि त्यांच्यासाठीच आहे. कॅथलिकांची निष्ठा रोमकडे, ज्यूंची आपल्या जातीकडे, कृष्णवर्णीयांची जागा खाली. गोऱ्या स्त्रीचे शील हे वंशाच्या शुद्धतेचे कुंपण. आणि वंशाची सरमिसळ म्हणजे राष्ट्राचा नाश. याला ते ‘शंभर टक्के अमेरिकनपणा’ म्हणत. ही मते त्यांनी शोधून काढलेली नव्हती. इंडियानाच्या १८५१ च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन वसण्यास मनाई करणारे कलम होते. वंश ‘सुधारण्या’साठी सक्तीने नसबंदी करण्याचा जगातला पहिला कायदा याच राज्याने १९०७ मध्ये केला होता, आणि तो करणारे डॉक्टर, प्राध्यापक व समाजसुधारक होते. त्यांच्यापैकी कोणालाही झग्याची गरज पडली नव्हती.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने याच वर्षांतली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कोकोमोच्या मेळाव्याच्या साडेचार महिने आधी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की, भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातील ‘गोरा’ या शब्दात बसत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांच्या बाजूने वकिली करणारे सखाराम गणेश पंडित स्वतः भारतातून जाऊन अमेरिकी नागरिक झालेले होते, आणि पंजाबचे उच्चवर्णीय लोक वंशशास्त्राप्रमाणे ‘कॉकेशियन’ व आर्य आहेत, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. जातीच्या उतरंडीचा आधार घेऊन वंशाच्या उतरंडीत वरची पायरी मागण्याचा हा प्रयत्न आज वाचताना मराठी वाचकाला अवघडल्यासारखे होते. न्यायमूर्ती सदरलँड यांनी तो फेटाळला तो शास्त्राच्या आधाराने नव्हे; ‘गोरा’ म्हणजे कोण हे सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ठरवायचे, असे त्यांनी म्हटले. या निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. पंडित यांनी मात्र स्वतःचा खटला लढवून आपले नागरिकत्व राखले.

सामान्य माणसाची समजूत हाच कायद्याचा मापदंड, असे देशाचे सर्वोच्च न्यायालय सांगत असताना कोकोमोच्या मैदानात ती समजूत झगा घालून उभी होती, एवढाच फरक. पुढच्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांच्या संख्येला कडक मर्यादा घालणारा आणि आशियातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद करणारा कायदा मंजूर झाला. क्लॅनने त्याचा जोरदार पुरस्कार केला होता, पण तो संमत करणारे बहुसंख्य प्रतिनिधी क्लॅनचे सभासद नव्हते.

बाहेरून दिसणारे चित्र

क्लॅनविषयी लोकांचे मत एकच नव्हते. मोठ्या शहरांतील वृत्तपत्रे आणि नियतकालिके त्याला अडाणी खेडवळांची टोळी समजत, आणि नेता इव्हान्स याने हा शिक्का नाकारण्याऐवजी, आम्ही साधीसुधी माणसे आहोत, असे म्हणत तो अभिमानाने मिरवला. दोघांचेही चुकत होते. पुढे सापडलेल्या सभासद-याद्या इतिहासकारांनी तपासल्या तेव्हा इंडियानात तरी वकील, दंतवैद्य, दुकानदार, कारखान्यांतले कुशल कामगार, शेतकरी आणि शिक्षक हे सर्व त्यांत गोऱ्या प्रोटेस्टंट समाजातल्या त्यांच्या प्रमाणाच्या जवळपास आढळले. समाजाच्या तळाशी साचलेला गाळ म्हणून ज्याकडे पाहिले जात होते, ते समाजाचे मधले पाणीच होते.

विरोधकही होते, आणि त्यांच्या वाट्याला रूढ हकिगतीत फार थोडी जागा येते. शिकागोतील कॅथलिक वकील पॅट्रिक ओडॉनेल यांच्या संघटनेने ‘टॉलरन्स’ हे साप्ताहिक काढून क्लॅनच्या सभासदांची नावे-पत्ते छापायला सुरुवात केली. मन्सी या गावचे संपादक जॉर्ज डेल यांनी आपल्या छोट्या पत्रातून क्लॅनची यथेच्छ टिंगल केली, त्यापायी मार खाल्ला, न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंग पाहिला, आणि पुढे त्याच गावचे महापौर झाले. मे १९२४ मध्ये साउथ बेंड येथे क्लॅनचा मेळावा भरला तेव्हा नोत्र दाम विद्यापीठाचे कॅथलिक विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी आलेल्यांचे झगे फाडले. सर्वांत दूरगामी विरोध कृष्णवर्णीय मतदारांचा होता : लिंकनच्या काळापासून ते ज्या रिपब्लिकन पक्षाशी बांधलेले होते तो इंडियानात क्लॅनच्या हाती गेला हे पाहून १९२४ मध्ये त्यांनी मोठ्या संख्येने त्याच्याकडे पाठ फिरवली.

तरीही त्या निवडणुकीत क्लॅनचा उमेदवार एड जॅक्सन गव्हर्नर झाला आणि विधिमंडळात क्लॅनच्या पाठिंब्यावर आलेल्यांचे बहुमत झाले. गंमत अशी की, एवढे बहुमत असूनही १९२५ च्या अधिवेशनात कॅथलिक शाळांविरुद्धची त्यांची विधेयके जवळजवळ सगळी बारगळली. कारण स्टीफन्सन आणि इव्हान्स यांचे पैशांवरून आणि सत्तेवरून बिनसले होते. स्टीफन्सनने १९२३ मध्येच पद सोडून पुढे आपला वेगळा गट काढला होता, आणि दोन्ही गटांचे आमदार एकमेकांचे पाय ओढण्यात गुंतले होते. म्हणजे खटल्याच्या आधीच घराला वाळवी लागलेली होती.

खटला

१२ जानेवारी १९२५ रोजी जॅक्सनच्या शपथविधीच्या मेजवानीत स्टीफन्सनची मॅज ओबरहोल्ट्झर या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीशी ओळख झाली. ती राज्याच्या शिक्षण खात्याच्या एका वाचन-उपक्रमात नोकरी करत होती. १५ मार्चच्या रात्री त्याने तिला घरी बोलावून घेतले, जबरदस्तीने दारू पाजली आणि शिकागोच्या गाडीत स्वतंत्र डब्यात नेऊन तिच्यावर पाशवी अत्याचार केला. तिच्या अंगावर सर्वत्र दातांच्या जखमा होत्या. राज्याची हद्द ओलांडली की गुन्हा केंद्राच्या कक्षेत जाईल, म्हणून तो सीमेअलीकडच्या हॅमंड या गावी उतरला. तेथे तिने औषधांच्या दुकानातून पाऱ्याच्या विषारी गोळ्या मिळवून घेतल्या. तिला दवाखान्यात न नेता मोटारीने राज्याच्या राजधानीत, इंडियानापोलिसला, परत आणले, एक रात्र त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. ती १४ एप्रिलला मरण पावली. त्याआधी, २८ मार्चला, तिने मृत्युपूर्व जबानी दिली होती.

फिर्यादीचे नेतृत्व विल रेमी या तरुण सरकारी वकिलाने केले. बचावाने खटला इंडियानापोलिसबाहेर हलवण्याची मागणी केली आणि तो वीस-पंचवीस मैलांवरच्या नोबल्सव्हिलला गेला. तिने विष स्वतःहून घेतले, तेव्हा हा खून कसा, हा बचावाचा मुख्य मुद्दा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हता. चाव्यांच्या जखमांतून झालेला संसर्गही मृत्यूला कारण झाला, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली. आणि आरोपीने तिला ज्या अवस्थेत लोटले तिचाच परिणाम म्हणजे विष घेणे, असे फिर्यादीने मांडले. १९३२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला, आणि कार्यकारणभावाचे उदाहरण म्हणून तो अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवला जातो.

आता ज्यूरीकडे वळू. हॅमिल्टन परगण्यात, ज्याचे नोबल्सव्हिल हे ठाणे, क्लॅनचे भरपूर सभासद होते. १९९५ मध्ये तेथील एका कोठारात एक पेटी सापडली आणि तिच्यात झगे, कागदपत्रे आणि सुमारे हजार सभासदांची यादी निघाली. सत्तर वर्षांनंतरही ती नावे उघड करावीत की नाही यावर गावात वाद झाला, कारण आडनावे तीच होती आणि नातवंडे तेथेच राहत होती. अशा परगण्यातल्या, बहुतेक शेतकरी असलेल्या ज्यूरीने स्टीफन्सनला दोषी ठरवले. क्लॅनची विचारसरणी झुगारून त्यांनी हे केले असे मानायला काही आधार दिसत नाही. उलट त्या विचारसरणीच्या कसोटीवरच तो नापास झाला होता. गोऱ्या स्त्रीच्या शीलाचे रक्षण आणि दारूबंदी, ही दोन वचने देऊन ज्याने दहा-दहा डॉलर गोळा केले, त्याने दारू पाजून एका गोऱ्या मुलीचा जीव घेतला. हीच मुलगी कृष्णवर्णीय असती तर हा खटला उभा राहिला असता का, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयात कोणी विचारला नाही.

पेट्या, आणि त्यानंतर

जॅक्सन आपल्याला माफी देईल या आशेवर स्टीफन्सन तुरुंगात बसला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. गव्हर्नरने ओळख दाखवली नाही. चिडून त्याने १९२७ मध्ये आपल्या ‘काळ्या पेट्यां’तील धनादेश, करार आणि पावत्या बाहेर काढल्या, ‘इंडियानापोलिस टाइम्स’ने त्यांवर वृत्तमालिका चालवली आणि तिला १९२८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. इंडियानापोलिसचा महापौर जॉन डुव्हाल याला शिक्षा झाली. जॅक्सनवर लाचेचा आरोप ठेवला गेला, पण मुदत उलटून गेल्यामुळे तो सुटला आणि त्याने कार्यकाळ पूर्ण केला. स्टीफन्सन १९५० मध्ये सशर्त सुटून पुन्हा पकडला गेला, १९५६ मध्ये कायमचा सुटला आणि १९६६ मध्ये टेनेसीत मेला.

सभासद गळाले त्याची कारणे अनेक होती : पुढाऱ्यांचा ढोंगीपणा, वर्गणीच्या पैशांवरची भांडणे, विधिमंडळातले अपयश, आणि स्थलांतराचा कायदा झाल्याने हातातून निसटलेली मागणी. ‘हे लोक म्हणतात ते चूक आहे’ असे म्हणून बाहेर पडलेल्यांचा पुरावा मात्र शोधूनही फारसा मिळत नाही.

इंडियानापोलिसच्या शाळांचेच उदाहरण घ्यावे. १९२७ मध्ये तेथे क्रिस्पस अटक्स हायस्कूल सुरू झाले आणि शहरातल्या सर्व कृष्णवर्णीय मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी तेथेच पाठवण्यात येऊ लागले. तोवर ती गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. याचे खापर सर्रास क्लॅनवर फोडले जाते. पण वेगळ्या शाळेचा निर्णय १९२२ चा, म्हणजे क्लॅनच्या पाठिंब्यावरचे शाळा-मंडळ निवडून येण्याच्या तीन वर्षे आधीचा, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत व्यापारी व नागरी संस्था होत्या. क्लॅनच्या माथी मारल्यामुळे त्यांची पाटी पुढे कोरी राहिली.

७ ऑगस्ट १९३० रोजी, म्हणजे क्लॅन राज्यातून जवळजवळ नाहीसा झाल्यावर, इंडियानापोलिसच्या उत्तरेला असलेल्या मेरियन शहरात थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने तुरुंग फोडून बाहेर काढले आणि न्यायालयाच्या आवारातील झाडाला लटकावले. एका गोऱ्या तरुणाचा खून आणि त्याच्याबरोबरच्या मुलीवर बलात्कार, असे आरोप त्यांच्यावर होते. बलात्कार झालाच नाही, असे त्या मुलीने नंतर सांगितले. नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक पुढारी फ्लॉसी बेली यांनी शेरिफला आधी सावध केले होते, पण काही झाले नाही. लॉरेन्स बाइटलर या गावातल्या फोटोग्राफरने त्या रात्री घेतलेल्या छायाचित्राच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. त्यात झाडाखाली उभे असलेले स्त्री-पुरुष स्पष्ट दिसतात. कोणाच्या अंगावर झगा नाही, कोणाच्या तोंडावर बुरखा नाही. उन्हाळ्याचे साधे कपडे आहेत, एक माणूस झाडाकडे बोट दाखवत कॅमेऱ्याकडे पाहतो आहे, आणि एक-दोन चेहरे हसरे आहेत. इतके चेहरे समोर असूनही साक्षीदारांना कोणाला ओळखता आले नाही, आणि या हत्यांबद्दल एकाही माणसाला शिक्षा झाली नाही.

त्याच रात्री जेम्स कॅमेरॉन या सोळा वर्षांच्या तिसऱ्या मुलालाही झाडापर्यंत नेण्यात आले होते. त्याच्या गळ्यात दोर पडला होता, तो अखेरच्या क्षणी सुटला. पुढे मूळ खुनात साथ दिल्याबद्दल त्याने चार वर्षे तुरुंगात काढली, आणि उतारवयात मिलवॉकी शहरात झुंडबळींच्या इतिहासाचे संग्रहालय उभारले. १९९३ मध्ये इंडियाना राज्याने या प्रकरणात अधिकृत माफी दिली. ती कॅमेरॉनला दिली.